न लिहिलेल्या सहा पाळ्या

फेब्रुवारी लागला की आमच्या गावावर काळं उडू लागतं. टोळीनं ऊस तोडून नेला की रानात गुडघाभर पाचट उरतं, म्हणजे उसाची वाळलेली पानं. रान मोकळं दिसावं म्हणून मालक बांधाच्या कडेनं काडी लावतो. आधी तडतड होते, मग वारा आत शिरल्यासारखा घुमणारा आवाज येतो आणि थोड्या वेळात सगळं संपतं. त्यानंतर जळक्या पानांच्या लांब फिती वर तरंगत राहतात आणि सावकाश गावात उतरतात. कुरडयांवर बसतात, धुऊन वाळत घातलेल्या टोपीवर बसतात, दुधाच्या किटलीच्या झाकणावर बसतात. उचलायला जावं तर हातात काही येत नाही, बोटाला डाग तेवढा लागतो.

आष्ट्यापासून नदीकडे उतरत गेलं की आमची ही काळी रानं लागतात. पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरांना म्हणे या वासानं गावाची आठवण येते. मला एका वहीची येते. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. तिच्यातलं अक्षर माझं आहे.

यंदा तो वास आला तेव्हा मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसलो होतो. संशोधन केंद्राची प्रणाली नावाची मुलगी समोर उभी राहून बोलत होती. जतकडची, धनगराची पोर. भिंतीवर आमच्या शिवाराचा नकाशा लावला होता आणि नदीकडच्या सखल पट्ट्यावर तिनं पांढऱ्या खडूनं रेघा मारल्या होत्या. त्या पट्ट्यात आता ऊस येत नाही. सकाळी बघावं तर जमिनीवर खाराची पिठी पसरल्यासारखी दिसते. "आमच्याकडं पाण्यावाचून रानं गेली," ती म्हणाली, "तुमच्याकडं पाण्यानं चाललीत. मला दोन्ही बघायला मिळालं." मग तिनं सांगितलं ते असं. वरच्या रानांनी पाचट जाळायचं नाही, सरीत पसरून ठेवायचं. पाणी निम्मं करायचं. तसं झालं तर खालच्या पट्ट्यात जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालायला केंद्र तयार आहे. पण वरच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. एकानं जरी आपल्या मनानं पाणी सोडलं तर खालच्याचं रान सुटणार नाही.

तेव्हा अण्णा उठले. गावात सगळ्यात जास्त ऊस त्यांचा, आणि तोही वरच्या अंगाला.

"बाई, तुमी नवीन हाय. हे सगळं हितं होऊन गेलंय. ह्या हवालदाराच्याच रानात. अख्खा उन्हाळा निम्मं पाणी दिलं, पाचट ठिवलं. खालच्या सदाच्या रानातलं पाणी बोटभर हाललं न्हाई. वही हाय त्येची. फौजी माणसानं लिवलेली वही हाय, कुणा ऐऱ्यागैऱ्याची न्हवं. व्हय का न्हाई, हवालदार?"

सगळे माझ्याकडे वळले. मागच्या बाकावर तो सदा, म्हणजे सदाशिव, बसला होता. तो वळला नाही, तो आपल्या पायांकडे बघत होता.

"झाला होता प्रयोग," मी म्हणालो.

तेवढंच. वाक्यात खोटं काही नव्हतं. प्रणालीनं खडू खाली ठेवला. पुढच्या सोमवारी पुन्हा बसू, सह्या होतील तर होतील, नाहीतर आम्हाला दुसरं गाव बघावं लागेल, असं म्हणाली. मी बाहेर आलो तेव्हा अण्णांच्या रानाकडून धूर येत होता आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर काळं बसत होतं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मी इतक्या वेळा मनात फिरवला आहे की त्याच्या कडा झिजल्या असतील. तरी काही गोष्टी आजही जशाच्या तशा आहेत. त्या आधी सांगतो, कारण त्या चांगल्या आहेत आणि त्यांना माझा हात लागलेला नाही.

मी फौजेतून नुकताच परतलो होतो. फौजेत मी भांडारात होतो, आलं-गेलं लिहून ठेवणं हेच माझं काम. गावात रस्त्याला लागून आमचं तीन एकर रान. त्याच्या खाली, नदीकडे, सदाशिवचं दोन एकर. आम्ही एका वर्गातले. त्याला सगळे सदा म्हणत आणि मला नामा म्हणणारा, आई गेल्यावर, तो एकटाच उरला होता. बाकी गावासाठी मी हवालदार.

त्याच संशोधन केंद्राच्या देशमानेबाई पहिल्यांदा आल्या तो दिवस मारुतीच्या देवळातला. तोवर शेतीखात्याची, खतवाल्यांची अशी बरीच माणसं येऊन बोलून गेली होती. आम्हाला ऐकायची सवय होती. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "मी शेवटी बोलते. तुमच्या रानात काय बदललंय ते तुम्ही आधी सांगा."

मग सदानं टॉवेलाची गाठ सोडली आणि एक ढेकूळ पुढे केलं. "चाखून बगा."

देऊळभर हसू. "आवं बाई, संगं कांदा आणू का?" कुणीतरी मागून विचारलं.

बाईंनी ढेकळाची कपची मोडली आणि खरंच जिभेला लावली. हसणं थांबलं. "खारट आहे," त्या म्हणाल्या, "पण मागून कडवट येतंय."

"आता कसं," सदा म्हणाला. "मागनं कडवट येतंय तवा ऊस जात्योय. नुसतं खारट असतंय तवर तग धरतोय." आणि मग तो बोलत सुटला. "पाणी वरनं येत न्हाई बाई, खालनं येतंय. मी म्हैना म्हैना रानात पाणी सोडत न्हाई, तरी सकाळी टाच रुतती. मग माजं रान पितंय कुणाचं पाणी?"

बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. "असंच म्हणालात ना? काही राहिलं का?" आपण बोललेलं कुणीतरी कागदावरून आपल्यालाच वाचून दाखवतंय, हे सदाला नवीन होतं. तो ओशाळला. म्हणाला, "टाच म्हंजी डाव्या पायाची. उजव्याला चप्पल तुटल्याली हुती."

पाणी कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर शोधायला दूर जायची गरज नव्हती. सदाच्या वर माझं रान होतं. "हवालदार, सीमेवर घुसखोरी तुमचीच दिसतीय!" असा एकानं टोमणा मारला आणि मीही हसलो. बाईंनी प्रयोग बांधला तो सदाच्या प्रश्नावर. माझ्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात, पाचट ठेवायचं. पाण्याची एक पाळी द्यायची, एक सोडायची. सदाच्या रानात तीन ठिकाणी भोकं पाडलेले पाइप उभे पुरायचे आणि आत पाणी किती खोल आहे ते आठवड्याला मोजायचं. पाळ्यांची नोंद ठेवायला कोण, असं बाईंनी विचारलं तेव्हा गाव एका आवाजात म्हणालं, हवालदार. फौजी माणूस, खोटं लिहिणार नाही.

मार्चमधल्या त्या सकाळी. बाई आठवड्याला एसटीनं यायच्या, पायात साधे बूट, खांद्याला मातीनं माखलेली पिशवी. सदाच्या रानातल्या पाइपात त्या वजन बांधलेली दोरी सोडायच्या. वजन पाण्याला टेकलं की आतून डुब्ब असा आवाज यायचा. सदाला त्या आवाजाचं भारी वेड. तो पाइपाला कान लावून जमिनीवर आडवा व्हायचा आणि आवाज आला की हात वर करायचा. मग बाई दोरीवर बोट धरून लांबी मोजायच्या. रानात ओल किती, हे बाई माती मुठीत दाबून सांगत, सदा टाच रोवून सांगे. दोघांचं जुळलं की दोघंही खूश, आणि जुळलं नाही की वाद. "बाई, तुमची मूठ शहरातली हाय." "आणि तुमची टाच कालच्या चप्पलेतली!" त्या वादातून मी जेवढं शिकलो तेवढं त्याआधी नदीकाठच्या मातीत जन्म काढून शिकलो नव्हतो.

पाचटाखाली हात घातला तर गार लागायचं. बाहेर ऊन भाजत असताना आत भिजल्या घोंगडीसारखा वास, बारीक पांढरे धागे, आणि गांडुळांनी केलेली मातीची रवाळ उतरंड. सदा ती माती हातावर घेऊन बघत राहायचा. "तुजी म्हातारी गोधडी घालायची तसं झालंय रं नामा," तो म्हणाला होता. "रानाला पांघरूण." त्याच्या स्वतःच्या रानात पांघरायला काही उरलं नव्हतं. तरी माझ्या मातीकडे बघून त्याचा चेहरा उजळायचा, कारण माझं पाणी कमी झालं की त्याचं रान सुटणार होतं. एवढा एकच हिशेब त्याच्या डोक्यात होता.

एप्रिलबद्दल बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "एप्रिलमध्ये तुमचा ऊस बिचारा दिसेल, हवालदार. पानं गुंडाळतील, शेंडे पिवळसर होतील. दिसू दे. मुळांना खाली जायला थोडी तहान लागते. मे संपेतो धीर धरा." मी मान डोलावली होती.

पण बाईंचं घर माझ्या रस्त्यावर नव्हतं. माझं रान आष्ट्याला जाणाऱ्या रस्त्यालगत. बाजाराच्या दिवशी अख्खं शिवार तिथून जातं. आमच्याकडे माणसाची परीक्षा रस्त्याकडेच्या सरीवरून होते. आत काय असेल ते असो, कडेचा ऊस काळाभोर पाहिजे. म्हणून लोक कडेच्या दोन सऱ्यांना चार मुठी खत जास्त टाकतात, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. आणि माझ्या कडेला काय, तर न झाडलेल्या अंगणासारखं पसरलेलं पाचट आणि त्यातून वर आलेली गुंडाळलेली पानं. सायकली हळू व्हायच्या. अण्णांनी एकदा मोटारसायकल थांबवून, पाय टेकवून मोठ्यानं विचारलं, "काय हवालदार, पेन्शन पुरंना झाली काय? पोटच्या पिकाला उपाशी ठिवलंय!" मागे बसलेला माणूस खिदळला. शिराळ्याहून माझे मेहुणे आले, त्यांनी रान बघितलं आणि काही न बोलता चहा घेतला. ते न बोलणं मला जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रयोग माझ्या रानात होता, पण बाई बोलायच्या सदाशी. प्रश्न त्याचा, टाच त्याची, कान त्याचा. मी नुसता लिहिणारा. मला त्याचा राग नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो. थोडा होता.

पहिली पाळी मी दिली ती भर दुपारी. वीज त्या आठवड्यात दुपारची होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, गाव घरात आडवं झालेलं. मी मोटारीच्या पेटीपाशी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. हिरवं बटण दाबलं. पाइपानं खोकल्यासारखा आवाज केला आणि पाणी आलं. सरीत शिरलं आणि पाचटाखाली गेलं. वरून काही दिसेना. एरवी मोकळ्या रानात पाणी चमकतं, लांबून कळतं. इथं ते आवाज न करता पांघरुणाखालून चाललं होतं. जे मातीला वाचवायला पसरलं होतं त्यानंच मला झाकलं. चार वाजता मी मोटार बंद केली, घरी येऊन हात धुतले आणि वही उघडली. त्या तारखेपुढे लिहिलं, 'पाळी दिली नाही.' अक्षर सुरेख आलं होतं.

एकदाच, असं ठरवलं होतं. आठ दिवसांत शेंड्यांना रंग चढला आणि अण्णा जाता जाता म्हणाले, "आता जरा बरा दिसतोय." त्या शब्दांसाठी मी आणखी पाच वेळा बटण दाबलं.

तिसऱ्या का चौथ्या वेळेनंतर सदा बांधावर भेटला. त्याच्या बाजूची माती त्यानं टाचेनं उकरली होती.

"नामा, हितं ओल कशी रं? ह्या आठवड्यात तुजी पाळी न्हवती न्हवं?"

मी म्हणालो, "व्हॉल्व गळतोय. बघायचाय."

तो काही न बोलता घरी गेला. मला वाटलं, संपलं, ओळखलं त्यानं. अर्ध्या तासानं तो आला तो सायकलची जुनी ट्यूब घेऊन. कात्रीनं पट्ट्या कापल्या, माझ्या व्हॉल्वपाशी उकिडवा बसला आणि न गळणाऱ्या व्हॉल्ववर पट्ट्या आवळत राहिला. उन्हात त्याची मान तांबडी झाली होती. मी शेजारी उभा राहून पट्टीचं टोक धरलं. "ओढ की जरा, फौजंत काय खात हुतास?" तो म्हणाला. मी ओढलं. गाठ मारून झाल्यावर त्यानं पाणी सोडून बघायला सांगितलं आणि व्हॉल्व कोरडा राहिल्यावर त्याला इतका आनंद झाला की त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेच्या वेळीच मी बोलायला हवं होतं. त्यानंतर प्रत्येक दिवस अवघड होत गेला.

मे सरता सरता बाई शेवटचं मोजायला आल्या. तिन्ही पाइपांत पाणी होतं तिथंच होतं. सदा कान लावून पडला होता, आवाज फार लवकर आला म्हणून त्यानं पुन्हा सोडायला लावलं, पुन्हा तेच. बाई बांधावर बसल्या आणि माझी वही चाळू लागल्या. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मग उलट.

"हवालदार, नोंदी बरोबर आहेत ना सगळ्या? एखादी राहिली असेल तर सांगा, त्यात काही कमीपणा नाही."

त्यांनी दार उघडून ठेवलं होतं. मी म्हणालो, "फौजीच्या हातच्या नोंदी हायत, मॅडम."

त्यांनी वही मिटली. सदाकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही, सदाशिवराव. वरचं पाणी कमी करून तुमचं उतरत नाही, एवढंच दिसतंय. का, ते कळत नाही." सदानं कपड्यांची माती झटकली. "माज्या रानातच कायतरी खोट असंल बाई," तो म्हणाला.

मी दोन पावलांवर उभा होतो.

पुढच्या फेब्रुवारीत सगळ्यांबरोबर मीही काडी लावली.

सदाचं रान कसं गेलं ते मी रोज बघितलं, कारण ते माझ्या खालीच आहे. आधी ऊस बुटका झाला. मग त्यानं गहू पेरला, तो ठिपक्याठिपक्यांनी उगवला. मग नुसतं पाणकणीस. नंतर त्यानं नांगर लावणं सोडलं, दोन म्हशी घेतल्या आणि दुसऱ्यांच्या बांधावरचं गवत कापून त्यांना घालू लागला. त्याची सून लग्न होऊन आली तेव्हा त्यानं तिला रान दाखवायला नेलं नाही. आम्ही भेटत होतो, पारावर बसत होतो, एकमेकांच्या घरच्या लग्नांत वाढत होतो. तो मला नामाच म्हणत होता. मी प्रत्येक वेळी ओ देत होतो.

यंदाच्या त्या पहिल्या सभेनंतर मी घरी आलो तेव्हा आमची मंडळी भाकरी थापत होती. तिला सभेतलं आधीच कळलं होतं. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "त्या उन्हाळ्यात मी डबा घिऊन आल्ते एकदा दुपारचं. मोटार चालू हुती."

तिनं भाकरी उलटली.

"मला वाटलं, सांगतीला कवातरी. आता म्हातारं झालासा. कवा सांगनार, सदा गेल्यावर?"

दुसऱ्या दिवशी मी आष्ट्याहून कराड आणि कराडहून साताऱ्याला गेलो. देशमानेबाई निवृत्त होऊन किल्ल्याच्या पायथ्याशी राहतात, हे प्रणालीकडून कळलं होतं. केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला तो सदाशिवराव कसे आहेत हा. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसून सांगता आलं नसतं.

बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझी मांडणी चुकली. त्या वर्षानंतर मी तो विषय सोडून दिला. पलूसकडून बोलावणं आलं होतं, दोन-तीन गावं विचारत होती. सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे फरक दिसला नाही." चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या, "ती गावं तुम्ही बघितली नाहीत, हवालदार. मी जाते त्या रस्त्यानं."

मी सदाचे दोन एकर वीस वर्षं मोजत आलो होतो. ही गावं माझ्या मोजणीत कधी आलीच नव्हती.

मग त्यांनी कपाटातून कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. "लिहा. कोणत्या आठवड्यात, किती तास, मोटार किती अश्वशक्तीची. प्रणालीला हे लागेल." मी लिहू लागलो. सहापैकी तीन पाळ्यांचे आठवडे पक्के आठवत होते, सण आणि बाजार धरून. बाकीच्यांपाशी अडखळलो आणि अंदाजानं एक तारीख टाकली. त्यांनी माझा हात धरला. "नाही. आठवत नसेल तिथं आठवत नाही असं लिहा. आता तरी."

तीन ओळींपुढे मी 'आठवत नाही' असं लिहिलं. सही केली. अक्षर या वेळी सुरेख आलं नाही. बाईंनी कागद घेतला आणि चहा विचारला नाही. ते बरोबरच होतं.

सोमवारी हॉल भरला होता. अण्णांनी सुरुवातीलाच जुन्या वहीचा विषय काढला आणि मी उठलो. ऐनवेळी घोटाळा नको म्हणून कागदावरून वाचून दाखवलं. शेवटी म्हणालो, "वही खोटी हाय. पाइप खरं बोलत हुतं. सदाच्या रानात खोट न्हवती, पाणी माजंच हुतं."

"लय उशिरानं फौज जागी झाली," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. अण्णा बोलायला उठले, "म्हंजी आता ह्या मानसाच्या बोलन्यावर..." आणि तिथंच थांबले, कारण सदाशिव पुढे येत होता. गुडघे धरत, बाकांना हात लावत तो माझ्यासमोर आला.

"हवालदार," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा.

"हवालदार, तुमी रस्त्याकडंच्या चार सऱ्यांपायी केलं हे? मला सांगितलं असतं तर मी सोता माजं पाणी आनून घातलं असतं की तुमच्या कडंला. वीस वर्सं मी त्या रानाला शिव्या दिल्या. माज्या बापाचं रान. त्याला मी खोटं ठरवलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "सुनंला म्हनलं, अवदसा हाय त्यात, जाऊ नगंस."

त्यानं प्रणालीकडे वळून विचारलं, "पोरी, सही कुटं करायची? खालच्याची सही लागती का न्हाई ठाऊक न्हाई, पर मला करायचीय." त्यानं सही केली, मग मी केली, मग वरच्या रानांतले एकेक जण उठले. अण्णांनी सगळ्यात शेवटी केली, "कोन कुटं पाणी पाजतोय ते आता मीबी बगनार," असं म्हणत. सदा जाताना प्रणालीला म्हणाला, "पाइप घाला माज्या रानात. पर ह्यास्नी माज्या बांधावर येऊ द्यायाचं न्हाई."

म्हणून मी जात नाही. आता एप्रिल संपत आला आहे. रानात पाचट आहे, रस्त्याकडची पानं दुपारी गुंडाळतात आणि सायकलींच्या जागी आलेल्या गाड्या हळू होतात. पाळ्या ठरल्या तेवढ्याच दिल्या आहेत. सदा माझ्याशी बोलत नाही. पारावर मी गेलो की तो उठतो. लोकांनी सांगून बघितलं, मीच नको म्हणालो. त्याला घाई करायला सांगायचा हक्क मला नाही.

शुक्रवारी सकाळी प्रणाली मोजायला येते. मी माझ्या बांधावर, हद्दीच्या आत उभा राहतो. मधलं अंतर बरंच आहे, नुसत्या हालचाली दिसतात. ती दोरी सोडते. सदा आता आडवा होऊ शकत नाही, म्हणून पाइपाशेजारी पोतं टाकून बसतो आणि मान वाकडी करून कान लावतो. गेल्या शुक्रवारी त्यानं हात वर करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. प्रणालीनं दोरी मोजली, दोघांत काही बोलणं झालं, दोरी पुन्हा आत गेली. मग सदा तिच्या खांद्याला धरून उठला.

"चार बोटं खाली गेलंय!"

चार बोटं म्हणजे काही नाही. मोजण्यातली चूक असेल, उन्हाळाही असेल. मे सरेपर्यंत कुणी काही म्हणू नये, असं प्रणालीनं बजावलं आहे. हे सगळं मला कळतं. पण सदाची पाठ माझ्याकडे होती आणि मुलगी त्याच्या हाताच्या अंतरावर उभी होती. तिला सांगायला एवढ्या मोठ्यानं ओरडायची काही गरज नव्हती.